डेव्हलपमेंट स्टडीजला जायचंय? धारूरकडच्या एका पोरीचा अनुभव

दिवाळीपासून गावाकडच्या चार-पाच पोरापोरींचे फोन आले, ताई हे डेव्हलपमेंट स्टडीज काय असतंय, एमपीएससी सोडून त्यात जावं का, म्हणून एकदाच सगळं लिहायलेय.

विषयाचं नाव मोठं आहे, जागतिक विकास, विषमता, शासनव्यवहार वगैरे. पण दोन वर्षांतला अर्धा वेळ एकाच प्रश्नावर जातो, मोजायचं कुणाला. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचं काम मिळून एकच धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून वडिलांच्या हातात यायची, मजुरी टनावर, आणि एक आजारी पडलं की खाडा दोघांचा. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायची, पण हिशोबाच्या वहीत तिचं नाव कुठंच नव्हतं. पहिल्या सेमिस्टरला मॅडमनी फळ्यावर ‘युनिट ऑफ ॲनालिसिस’, म्हणजे अभ्यासात एक म्हणून कुणाला मोजायचं, माणसाला का घराला, असं लिहिलं तेव्हा बाकीचे व्याख्या उतरून घ्यायले होते आणि मला ती वही दिसायली.

तसंच बहुआयामी गरिबी निर्देशांकाचं. २०१० पासून संयुक्त राष्ट्रांची यूएनडीपी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठवाले तो काढतात, आरोग्य, शिक्षण, राहणीमान मिळून १० निकष. त्यात शिक्षणाचा एक निकष असाय की घरात एकानं जरी सहा वर्षं शाळा पूर्ण केली असंल तर ते घर त्या निकषात वंचित धरत नाहीत. म्हणजे मी सहावी पास झाले आणि आमचं अख्खं घर त्या रकान्यातून बाहेर पडलं, आई तर आजही अंगठाच देती. निर्देशांक वाईट आहे असं मी म्हणत नाही, पैशापलीकडची गरिबी त्यानं दाखवली हे खरंच मोठं काम आहे, पण घराच्या आत काय चाललंय ते त्यातून दिसत नाही, आणि ते तुम्हाला माहितीय कारण तुम्ही त्या घरात वाढलात.

मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, आपण लहानपणापासून भाषणात ऐकतो, पण त्यावरचा १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल मी एमएला गेल्यावर पहिल्यांदा हातात घेतला. राज्याच्या सरासरीच्या किती मागं, असा तो हिशोब. जायच्या आधी तो चाळाच. आणि वाचताना हेही बघा की सरासरी काढली की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्या आणि बीडकडच्या वडवणीचा तांडा एकाच आकड्यात बसतात.

इंग्रजीचं टेन्शन सगळ्यांनाच असतंय. मला पहिले तीन महिने रीडिंगमधलं निम्मं समजंना, मग मी एकच पान तीनदा वाचायचे आणि बाजूला मराठीत लिहायचे, हळूहळू जमलं. स्टॅटिस्टिक्सला मात्र आधीपासून लागा, विषमता मोजायचा जिनी गुणांक स्वतः हातानं एकदा काढून बघा, त्याशिवाय विषमतेवर बोलता येत नाही.

प्रबंधात माझी मोठी चूक झाली. ग्रामसभेत बायका किती बोलतात यावर काम होतं. २०११ पासून आपल्याकडं ग्रामपंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे, पण ग्रामसभेत काय होतंय ते मला बघायचं होतं. फील्डवर्क डिसेंबरात ठेवलं आणि गावात म्हातारी माणसं सोडून कुणीच नाही, सगळे कारखान्यावर! इतकी वर्षं आईवडिलांना त्याच दिवसांत जाताना बघितलं तरी कॉलेजचं वेळापत्रक धरून बसले याचं आजही वाईट वाटतं. शेवटी मे महिन्यात परत गेले आणि तेव्हा फॉर्मवर नवऱ्याचा आणि बायकोचा रकाना वेगवेगळा केला.

ॲडमिशनचं थोडक्यात. तुळजापूरला आपल्या जवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं कॅम्पस आहे, तिथल्या एमएला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातही डेव्हलपमेंटचं एमए आहे. बाहेरदेशी जायचं असंल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नंतर नोकऱ्या सामाजिक संस्थांमध्ये, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये म्हणजे सामाजिक कामाच्या विभागात, सरकारी प्रकल्पांवर मिळतात, बऱ्याच कंत्राटी असतात हे घरी आधीच सांगून ठेवा.

सीयूईटीचा फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला निघतो, आणि नेमके तेव्हा आपले आईवडील कर्नाटकात नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडं असतात. म्हणून उत्पन्नाचा दाखला, जातीची कागदं, लागतील त्या सह्या-अंगठे हे सगळं ते टोळीबरोबर निघायच्या आतच उरकून घ्या.