पहाटे सायरन वाजण्याआधी जिन्याखालची जागा रिकामी हवी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात राहणाऱ्याने टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी भीषण वावटळ, झोपेतच गाठणार असे धरून तयारी करावी. या राज्यातील जवळपास निम्मे टोर्नेडो रात्रीच्या अंधारात येतात, आणि रात्रीचा टोर्नेडो दिवसाच्या टोर्नेडोपेक्षा सुमारे अडीच पट अधिक जीवघेणा ठरतो, असे अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले आहे. ३ मार्च २०२० रोजी मध्यरात्र उलटल्यावर नॅशव्हिलमधून एक टोर्नेडो गेला आणि त्याच वादळातून पहाटे दोनच्या सुमारास कुकव्हिलजवळ दुसरा उतरला. हा दुसरा जेमतेम आठ मिनिटे जमिनीवर होता आणि तेवढ्यात १९ माणसे गेली. इशारा मिळाल्यापासून आपल्या हाती सरासरी दहा मिनिटांच्या आसपास वेळ असतो, आणि त्यातला काही वेळ जागे होऊन भानावर येण्यातच जातो. त्यामुळे जे आधी करून ठेवलेले नाही ते त्या वेळी होणार नाही, हे मनाशी पक्के करूनच पुढचे वाचावे.

पहिले काम जागेचे. आमच्या भागात तळघर असलेली घरे कमी आहेत, म्हणून बहुतेकांची आश्रयाची जागा म्हणजे तळमजल्यावरील जिन्याखालचे क्लॉझेट, म्हणजे सामान ठेवायची दाराची छोटी खोली, किंवा खिडकी नसलेले मधले न्हाणीघर. ही जागा प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते. पण ती रिकामी आहे का, हे कोणी पाहत नाही. मागच्या खेपेस आमच्याकडे रेडिओ वेळेवर वाजला, सगळे वेळेवर खाली आले, आणि क्लॉझेटचे दार उघडले तेव्हा आत भारतवारीच्या मोठ्या बॅगा, गणपतीचे मखर, व्हॅक्यूम क्लीनर आणि तांदळाच्या गोण्या होत्या. माणसांना शिरायला जागाच नव्हती. म्हणून सांगते, आजच ते दार उघडून पाहा. घरातील सर्वांना आत बसवा, दार लावा, आणि गुडघे पोटाशी घेऊन डोके खाली घालता येते का ते पाहा. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही बसवा, कारण गुडघेदुखीच्या माणसाला जमिनीवर बसता येत नाही आणि त्याच्यासाठी बुटके स्टूल आतच ठेवावे लागते. रंगाचे आणि थिनरचे डबे तेथे असतील तर ते प्रथम बाहेर काढा.

दुसरे काम जागे होण्याचे. सायरनवर विसंबू नका. ते घराबाहेर असलेल्या माणसांसाठी बसवलेले असतात. दुहेरी काचांच्या बंद खिडक्या आणि चालू एसी यांच्यामुळे झोपलेल्या माणसाला ते ऐकू येतीलच असे नाही. सायरन थांबला म्हणजे धोका टळला, असाही अर्थ नसतो. उशाशी हवामान खात्याचा इशारा आला की आपोआप वाजणारा वेदर रेडिओ हवाच. त्यात आपल्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सहा आकडी कोड घातला की फक्त आपल्या काउंटीच्या इशाऱ्याला तो वाजतो. नॅशव्हिलच्या डेव्हिडसन काउंटीचा कोड ०४७०३७ आहे. कोड न घालता ठेवलेला रेडिओ लांबच्या काउंटीच्या पुरासाठीही वाजतो, दोन रात्री झोपमोड झाली की कोणीतरी त्याची वायर काढून ठेवते, आणि तिसऱ्या रात्री तो गप्प असतो. त्यात पेन्सिल सेल घाला आणि ते वर्षातून दोनदा बदला. २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामात पहाटेच्या वादळांनी असंख्य घरांची वीज आणि काही भागांतील रेडिओ प्रक्षेपणही बंद पाडले, आणि खरे भीषण टोर्नेडो दुपारनंतर आले. त्या एका दिवसात त्या राज्यात दोनशेहून अधिक माणसे मेली. एकच साधन पुरेसे नाही, ते यासाठी.

दुसरे साधन फोन. सेटिंग्जमध्ये जाऊन आपत्कालीन इशारे चालू आहेत याची खात्री करा. एकदा लहान मूल दचकले म्हणून ते बंद केलेली घरे मला माहीत आहेत. येथे पाहुण्या आई-वडिलांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्यांचा फोन भारतीय सिमकार्डाचा असतो, रोमिंगचा खर्च नको म्हणून तो फ्लाइट मोडवर ठेवून वायफायवर वापरला जातो, आणि हे इशारे मोबाइल टॉवरवरून येत असल्यामुळे तो फोन वाजत नाही. त्यांच्या खोलीत वेगळा रेडिओ ठेवा, किंवा त्यांना उठवणे हे कोणाचे काम आहे ते नावानिशी ठरवा. त्यांना आधी समजावूनही सांगा. कोकणातील चक्रीवादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते, बोटी परत बोलावल्या जातात, लोकांना हलवले जाते. येथे तसे होत नाही. ‘वॉच’ म्हणजे पुढच्या काही तासांत टोर्नेडो होण्याजोगी हवा आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसला आहे किंवा रडारवर वाऱ्याचे फिरणे दिसते आहे, आणि त्या क्षणी निघायचे. आंघोळ, चहा, देवाला दिवा, बाहेर जाऊन आकाश पाहणे, यांपैकी काहीही करायचे नाही. अंधारात टोर्नेडो दिसत नाही, आणि पावसाच्या पडद्याआड तर मुळीच नाही.

अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तळमजल्यावरील शेजाऱ्याशी आजच बोलून ठेवावे. रात्री तीन वाजता अनोळखी दार ठोठावण्यापेक्षा दिवसा विचारणे सोपे असते, आणि बहुतेक शेजारी हो म्हणतात. त्यांचेही क्लॉझेट रिकामे आहे का, हे संकोच न करता विचारा. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहणाऱ्यांनी वॉर्निंगची वाट पाहू नये. वॉच असतानाच पक्क्या इमारतीत जावे.

टॉर्च, पाणी, चार्जर यांविषयी वेगळे सांगत नाही. वॉच असेल त्या रात्री पलंगाखाली बूट ठेवा, कारण नंतर काचांवरून आणि खिळ्यांवरून चालावे लागते. सायकलचे हेल्मेट प्रत्येकासाठी हवे. टोर्नेडोत उडणाऱ्या वस्तूंनी डोक्याला होणारी इजा जीव घेते, आणि २०११ नंतर बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी हेल्मेटचा आग्रह धरला तो त्यासाठीच. चष्मा, कवळी, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, पासपोर्ट हे सगळे एका छोट्या पिशवीत घालून ती क्लॉझेटमध्येच खुंटीला टांगा. पिशवी छोटीच हवी. ती मोठी झाली की तिच्यासोबत आणखी चार वस्तू आत येतात, आणि माणसांची जागा पुन्हा सामानाने भरते.

हे भरणे हळूहळू होते, म्हणून वर्षातून दोनदा ते दार उघडून पाहणे आवश्यक आहे. फेब्रुवारी संपताना एकदा, कारण मार्च ते मे हा मुख्य हंगाम. दुसऱ्यांदा दिवाळी आटोपताच, कारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येथे दुसरा हंगाम असतो आणि नेमक्या त्याच वेळी आकाशकंदील, फराळाचे मोठे डबे आणि पाहुण्यांच्या गाद्या जिन्याखाली ढकलल्या जातात. शेजारच्या केंटकी राज्यातील मेफिल्ड शहर टोर्नेडोने उद्ध्वस्त झाले ते १० डिसेंबर २०२१ रोजी. डिसेंबरात कोठला टोर्नेडो, असे म्हणून जिन्याखाली बॅगा ठेवणाऱ्यांनी ती तारीख लक्षात ठेवावी. गॅरेजमध्ये जागा नसेल तर बॅगा पलंगाखाली ठेवा, कोणाला तरी देऊन टाका, पण जिन्याखाली नको.

वॉर्निंग आल्यावर: खिडक्या उघडू नका, त्याने घर वाचत नाही. मुलांना उचला, मोठ्यांना हाक मारा, आत जा, दार लावा, अंगावर रजई घ्या. गाडीत बसून पळू नका आणि पुलाखाली थांबू नका. वॉर्निंगची मुदत संपेपर्यंत बाहेर येऊ नका, आणि संपल्यावरही मागून दुसरे वादळ येते आहे का ते रेडिओवर ऐका.

नंतर: बूट घाला. गॅसचा वास आला तर दिवा न लावता बाहेर पडा. तुटलेल्या तारांपासून लांब राहा. कोणी जखमी असेल तरच ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. नातेवाइकांना मेसेज पाठवा, कारण फोनच्या लाइन भरलेल्या असतात. काहीही उचलण्याआधी विम्यासाठी फोटो काढा.