यीस्ट आणि साखरेचा फुग्याचा प्रयोग: या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचा मोसम आला की मराठवाड्यातल्या शाळांत हा प्रयोग हमखास दिसतो: बाटल्यांत यीस्ट (बेकरीतलं खमीर), कोमट पाणी आणि वेगवेगळी साखर, वर फुगे. यीस्ट साखर आंबवून गॅस सोडतं, त्यानं फुगा फुगतो, आणि कोणती साखर यीस्टला चालते ते कळतं. प्रयोग सोपा, पण तक्त्यावरचा निष्कर्ष बरेचदा चुकलेला.

गडबड किराणा दुकानापासूनच सुरू होते. यीस्ट मागितलं की कधीकधी बेकिंग पावडर हातात पडते. ती साध्या पाण्यातही फसफसते, साखर असो वा नसो. सुकं यीस्ट म्हणजे फिकट तपकिरी दाणे. कोमट साखरपाण्यात पंधरा मिनिटांत फेस आला नाही, तर दुसरं पाकीट आणा.

पाणी 35 ते 40 अंशांचं हवं. परभणीच्या थंडीत सकाळच्या गार पाण्यात यीस्ट सुस्तावतं. मग घाईनं कुणीतरी उकळतं पाणी ओततं आणि यीस्ट मरतं. सगळ्या बाटल्या कोमट पाण्याच्या एकाच घमेल्यात ठेवा.

आता खरा घोळ. लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा फुगा फुगत नाही म्हणून पोरं त्यात गुपचूप चिमूटभर साखर टाकतात. अरे, न फुगणं हेच तर उत्तर आहे! बेकरीच्या यीस्टकडे लॅक्टोज तोडणारं विकर (एन्झाइम) नसतं. आपल्या रोजच्या साखरेसाठी, म्हणजे सुक्रोजसाठी, मात्र इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. ते पेशीच्या बाहेरच सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून टाकतं, म्हणून साखर ग्लुकोजच्या फारशी मागे राहत नाही. माल्टोज, म्हणजे मोड आलेल्या धान्यातली साखर, आधी पेशीच्या आत न्यावा लागतो, तिथे तोडावा लागतो, आणि त्यासाठीची प्रथिनं यीस्ट तेव्हा बनवायला घेतं. वीस मिनिटांत ‘माल्टोज चालत नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका, दीड-दोन तास थांबा. चवीची ग्लुकोज पावडर आणली असेल तर डब्यावरचे घटक वाचा, त्यात बरेचदा साखरच असते.

गूळ जरूर घ्या, पण वेगळ्या रकान्यात. त्यात सुक्रोजसोबत ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि खनिजंही असतात.

साखर वाढवली की गॅस वाढतच जाईल, असं नाही. 100 मिली पाण्याला 5 ग्रॅम पुरे. दाट पाक यीस्टमधलं पाणी ओढून घेतो. साखर कारखान्याची मळीसुद्धा पातळ केल्याशिवाय आंबवत नाहीत.

बिनसाखरेची एक बाटली ठेवाच. ती किंचित फुगली तर ती हवा गरम झाल्यानं किंवा यीस्टच्या स्वतःच्या साठ्यामुळे. तेवढं बाकीच्यांतून वजा करा.

गॅस ओळखायला पानाचा चुना रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळी घ्या. फुग्यातला गॅस त्यात सोडा; कार्बन डायऑक्साइड असेल तर निवळी दुधाळ होते. फुगा सैल करायला तोंडानं फुगवला असेल, तर आतली हवा पूर्ण दाबून काढा, नाहीतर निवळी तुमच्या श्वासानंच दुधाळ होईल.