हँडब्रेकचे शू एकाच बाजूला झिजतायत? नवीन घ्यायच्या आधी जुने नीट बघा

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, हँडब्रेकचे शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून गाडी धरणारे कमानीसारखे तुकडे) रोजच्या वापराने फारसे झिजत नाहीत. लिव्हर आपण ओढतो गाडी थांबल्यावर, तेव्हा ड्रम फिरतच नसतो, मग घासणार कसा? म्हणजे लायनिंग (शूवरचा घासणारा थर) उडालंय याचा अर्थ गाडी चालताना शू ड्रमला टेकत होता, आणि एकाच बाजूला उडालंय तर टेकायचं कारण बहुतेक त्याच बाजूला आहे. ते न शोधता नवीन सेट टाकला की परत तेच. माझ्या २००८ च्या पोर्शे बॉक्सस्टरचं हेच झालं, रत्नागिरीत गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, एका गॅरेजने फक्त शू बदलून दिले आणि पुढच्या गणपतीपर्यंत डावीकडचे पुन्हा पत्र्यावर आले.

खाली जे सांगतोय ते लिव्हरवाल्या गाड्यांसाठी आहे, बटणवाल्या इलेक्ट्रिक हँडब्रेकसाठी नाही. माझ्या पिढीची बॉक्सस्टर (९८७), त्या काळातल्या पोर्शे ९११, बऱ्याच बीएमडब्ल्यू, सगळ्यांची रचना साधारण एकच. मागच्या डिस्कच्या मधल्या टोपीत एक छोटा ड्रम असतो आणि त्यात दोन शू. पायाच्या ब्रेकचे पॅड वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

उघडायच्या आधी गाडी १०-१५ किमी फिरवून आणा, मी हातखंब्यापर्यंत जाऊन येतो, शक्यतो ब्रेक कमी लावत. आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही मागच्या डिस्कची टोपी मोजा. कपाळाचा ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची रेंजच तेवढी नसते. दोन बाजूंत मोठा फरक दिसला तर गरम बाजू घासतेय. पण तिथला कॅलिपर (पायाच्या ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकला तरी डिस्क तापतेच, म्हणून लगेच शूवर आळ घेऊ नका.

मग गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून चिऱ्याचे तुकडे लावा, मागे स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर अजिबात काम करू नका), गिअर न्यूट्रल, लिव्हर खाली. चाकं हाताने फिरवा. जड लागलं तर लिव्हरजवळचे केबलचे नट सैल करा आणि परत फिरवा. आता मोकळं झालं तर केबल जास्त ताणलेली होती किंवा दोन्ही केबल सारख्या ओढणारी पट्टी एकीकडे कलून बसलीय. तरीही जडच असेल तर दोष मागे आहे, केबल पाइपात गंजून अडकलीय, ड्रमच्या आतच काहीतरी धरलंय नाहीतर कॅलिपरच अडकलाय.

डिस्क काढायला कॅलिपर सोडवावा लागतो, तो तारेने वर टांगा, ब्रेक ऑइलच्या नळीवर (होज) लोंबकळू देऊ नका. डिस्कचे दोन छोटे स्क्रू आपल्या खाऱ्या हवेत हमखास धरतात, इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर घ्या, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी खराब होतील. डिस्क हलेना तर हातोडा मारत बसू नका, डिस्कच्या भोकातून आतलं दातेरी चाक (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारं) उलटं फिरवून शू आत घ्या, मग येते. धूळ हवेने उडवायची नाही, मास्क लावून ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता खरं काम. शू काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येकावर मार्करने लिहा, डावा पुढचा, डावा मागचा, तसंच उजवीकडे. दोन्ही बाजू उघडायच्याच, एक बाजू बघून काहीच कळत नाही. व्हर्नियरने लायनिंग तीन ठिकाणी मोजा, वर, मधे, खाली.

एका चाकाचे दोन्ही शू गेलेत आणि दुसरीकडचे नव्यासारखे, तर केबल, विस्तारक (केबल ओढली की दोन्ही शू बाहेर ढकलणारा भाग) किंवा चुकीचं अ‍ॅडजस्टमेंट. हुकातून केबल सुटी करून बघा, विस्तारक लगेच मिटला तर तो बरोबर आहे, केबल चुकतेय. माझ्याकडे तेच होतं, बाहेरचं रबर फाटून पाणी शिरलेलं, आतली तार ओढल्यावर जायची पण परत यायची नाही. अशी केबल ग्रीस घालून वाचवायच्या नादी लागू नका, एका पावसाळ्यात पुन्हा धरेल.

एकाच चाकात एक शू थोडा जास्त झिजला असेल तर घाबरू नका, ड्रमच्या फिरण्याबरोबर ओढला जाणारा शू जास्त चावतो. फरक खूपच असेल तर तो शू परत येत नाहीये, स्प्रिंग ढिली आहे किंवा मागच्या पत्र्यावर शू सरकतो तिथे गंजाची खाच पडलीय. टोकाकडे बघा, विस्तारकाकडचं टोक उडालं असेल तर विस्तारक उघडा राहतोय, दातेरी चाकाकडचं उडालं असेल तर ते जास्त उघडलंय. रुंदीत तिरकं झिजलंय? धरून ठेवणारी पिन-स्प्रिंग तपासा, मागचा पत्रा वाकलाय का बघा.

कोकणातलं खास दुखणं म्हणजे लायनिंगखाली गंज धरून ते शूपासूनच सुटतं. झीज दिसत नाही पण नखाने टोचलं की हलतं, असा शू जाडी असली तरी फेकायचा. ड्रमच्या कडेला गंजाचा काठ आला असेल तर पॉलिश पेपरने काढा, आत खड्डे असतील तर डिस्क बदला, दोन्ही बाजूंची. शू पण दोन्हीकडचे एकदम.

बसवताना सरकण्याच्या जागा, विस्तारकाची पिन आणि दातेरी चाकाचे आटे यांना ब्रेकचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावा, लायनिंगला थेंबही नको. केबल सैल ठेवूनच दातेरी चाक फिरवत न्या, डिस्क फिरेनाशी झाली की मोकळी होईपर्यंत मागे घ्या, दोन्हीकडे दात मोजून सारखे. केबल त्यानंतरच. बरेच मेस्त्री लिव्हर वर येते म्हणून आधी केबल ताणतात, झीज तिथूनच सुरू होते. लिव्हर दोन टिकटिक ओढून दोन्ही चाकं सारखी जड झाली पाहिजेत आणि सोडल्यावर दोन्ही पूर्ण मोकळी. चाकाचे बोल्ट माझ्या बॉक्सस्टरला १३० न्यूटन मीटरवर आवळायचे, कॅलिपरच्या बोल्टचा आकडा आपल्या मॅन्युअलमधून घ्या.

नवीन शू कोरड्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर बसवून घ्यायचे, ३० च्या स्पीडला लिव्हरचं बटण दाबून धरूनच हलकं ओढत थोडं अंतर, मग थंड होऊ द्या, तीन-चार वेळा. मी नंतर आरे-वारेच्या उतारावर गाडी उभी करून बघतो, पाय ब्रेकच्या वरच ठेवून.

पावसाळ्यात रात्रभर लिव्हर ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात आणि सकाळी जोर लावून गाडी काढली की लायनिंग निघून येतं. अंगण सपाट असेल तर पहिला गिअर आणि चाकाला चिरा पुरतो. उतारावर उभी करायचीच असेल तर लिव्हर ओढा, पण मग गाडी रोज थोडी तरी हलवा.