आजीकडून विणकाम शिकताना

आजीशी गप्पा मारायला विषय सुचत नसेल, तर सरळ तिच्याकडे विणकाम शिकायला बसा. हात कामात आणि नजर टाक्यांवर असली की बोलण्याचं दडपण राहत नाही. जुन्या गोष्टी मग आपोआप निघतात.

लोकर फिकट रंगाची, गुळगुळीत आणि मध्यम जाडीची घ्या. काळ्या लोकरीतले टाके तुम्हालाही दिसणार नाहीत, मग तिच्या डोळ्यांचं काय! सुया साधारण 5 मिमीच्या, शक्यतो लाकडी किंवा बांबूच्या असाव्यात. त्यांवरून टाके पटकन घसरत नाहीत आणि त्या हाताला गार लागत नाहीत. बोटांचे सांधे दुखत असतील तर हे फार जाणवतं.

बसायचं तिच्या शेजारी, समोर नाही. समोरून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. (तुम्ही डावखुरे असाल तर मात्र समोरच बसा.) पहिल्यांदा फक्त 20 टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलट, म्हणजे साध्या टाक्यांनीच विणा. अशी पट्टी कडेने गुंडाळली जात नाही. स्वेटरचा विचार इतक्यात नको.

टाका सुटला की लगेच मोबाइलवर व्हिडिओ शोधू नका, सुया तिच्या हातात द्या. तिने सगळं उसवायला लावलं तर उसवा. माझ्या मते खरी मजा तिथेच येते, कारण रागावता रागावता ती स्वतःच्या पहिल्या फसलेल्या विणकामाबद्दल सांगू लागते.

अर्ध्या तासाने थांबा, आणि लोकरीचा गुंडा तिच्याकडेच ठेवा.