उन्हात अन् वाऱ्यात स्टीलहेड

ओरेगॉनच्या डेशूट्स नदीवर उन्हाळ्यात स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट मासा) जाताय तर आधी थर्मामीटर घ्या, रॉड नंतर. पाणी 20 डिग्री सेल्सियसच्या वर गेलं की सरळ गाशा गुंडाळा, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, मासा दमतो आणि सोडला तरी मरू शकतो. पहाटेच उतरा, ऊन पाण्यावर यायच्या आत.

दुपारी वारा बहुतेक वेळा खालून वर, प्रवाहाच्या उलट येतो, तेव्हा अँकर (फेकण्याआधी पाण्याला टेकणारं लाइनचं टोक) प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून सिंगल स्पे (फ्लाय लाइन फेकायची एक पद्धत) मारा, नाहीतर हुक थेट कानात (माझा गेलाय!). लाइन आखूड ठेवा, लांब फेकायचा हट्ट कशाला, मासा बरेचदा काठाजवळच असतो. मिळालाच तर पाण्याबाहेर न काढताच सोडा.