ग्रँटचा फॉर्म उघडायच्या आधी

गावाच्या पाण्यासाठी आपल्या रोटरी क्लबला रोटरी फाउंडेशनची (रोटरीची पैसा देणारी संस्था) ग्लोबल ग्रँट, म्हणजे परदेशी क्लबासोबतच्या मोठ्या प्रोजेक्टचं अनुदान, मागायचं असेल तर भाऊ आधी लॅपटॉप बंद करा न् गावात जा. मागच्या खेपेस आपण आधी मशीन पसंत केली, मग तिच्यासाठी गाव शोधलं, आता त्या आरओच्या शेडमध्ये बकऱ्या बसून राहतात. लाइटबिल कोण भरणार हेच ठरलं नव्हतं.

तसंही ग्लोबल ग्रँटला गावाचा सर्व्हे लागतोच. पण बैठक कापूस वेचणीच्या दिवसात दुपारी ठेवू नका, सरपंच आणि दोन कुत्रे येतील. संध्याकाळी ठेवा आणि बायांना आधी बोलू द्या, पाणी त्याच भरतात. त्या म्हणतील आमच्या हापशीचं पाणी गोड आहे, पण फ्लोराइड चवीला कळत नाही. शाळेतल्या पोरांना जरा हसायला सांगा, दातावर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले की समजून घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडे बऱ्याच बोअरला हे आहे. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्याचं नाही. नमुना घेताना हापशी आधी पाचेक मिनिटं हापसा, प्लास्टिकची बाटली (काचेची नको) त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळा, वर चिकटपट्टी लावून गाव, हापशी कुठली, तारीख लिहा. तारीख विसरतेच विसरते. लॅबचा रिपोर्ट आणि ग्रामसभेचा ठराव हातात आला की मगच पैशाचं बोला, आणि फिल्टर कोण बदलणार, महिन्याला घरामागे किती रुपये, हे त्याच ठरावात लिहून घ्या.

आता पैसा. प्रोजेक्ट कमीत कमी 30,000 डॉलरचा पाहिजे, आणि परदेशातला एक क्लब पार्टनर पाहिजेच. आपण फाउंडेशनच्या वार्षिक फंडात देतो तो पैसा तीन वर्षं गुंतवलेला राहतो, मग त्यातला जवळपास अर्धा डिस्ट्रिक्टकडे (आपल्या भागातल्या रोटरी क्लबांचा गट, सरकारी जिल्हा नव्हे) परत येतो, त्यालाच डीडीएफ (डिस्ट्रिक्ट डेझिग्नेटेड फंड) म्हणतात. डीडीएफवर वर्ल्ड फंड, म्हणजे फाउंडेशनचा मध्यवर्ती फंड, 80 टक्के टाकतो. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या डिस्ट्रिक्टचे मिळून 15,000 जमले तर वरून 12,000, आणि उरलेले 3,000 क्लबांनी रोख काढायचे, रोखीवर वर्ल्ड फंड काही देत नाही. इथे कोणी ना कोणी म्हणतेच की माझ्या पाचशेनं काय होते. त्याला सांगा, 1917 साली रोटरीचा तेव्हाचा अध्यक्ष आर्च क्लम्फने या फाउंडेशनच्या फंडाची कल्पना मांडली तेव्हा कॅन्सस सिटीच्या क्लबची पहिली देणगी 26 डॉलर 50 सेंट होती. एवढा मोठा प्रोजेक्ट झेपत नसेल तर लाजू नका, डिस्ट्रिक्ट ग्रँट (डिस्ट्रिक्टकडून मिळणारं छोटं अनुदान) मागा, शाळेत एक टाकी आणि नळ त्यातही होतात.

परदेशी क्लबला मात्र "आमच्या खात्यात टाका" असं चुकूनही म्हणू नका, एफसीआरएचं (परदेशी देणग्यांचा कायदा) लफडं मागे लागेल, पैसा फाउंडेशनमार्फतच यायला पाहिजे. त्यांना व्हिडिओ कॉलवर हापशी दाखवा, पॉवरपॉइंट नको.

बाकीचं पटापट. डिस्ट्रिक्टच्या ग्रँट सेमिनारला माणूस पाठवा, त्याशिवाय क्लब क्वालिफाय होत नाही. प्रोजेक्टचं वेगळं बँक खातं, दोघांच्या सह्या. तीन कोटेशन, आणि तिन्ही एकाच्याच भाच्याची नकोत. मंजुरी येईपर्यंत एक खड्डाही खोदू नका, आधीच सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत.

आणि फाइल पहिल्या दिवसापासून लावा, कारण 1 जुलैला अध्यक्ष बदलतो, सहीवाला बदलतो आणि नव्याला काहीच माहीत नसते. काम संपल्यावर दोन महिन्यात फायनल रिपोर्ट द्यायचा आणि कागद पाच वर्षं सांभाळायचे. एक झेरॉक्स सेट ग्रामपंचायतीत ठेवा, मागच्या वेळच्या पावत्या आमच्या कपाटात वाळवीने खाल्ल्या.