तंबाखू सोडताय? या चुका टाळा

तंबाखू सोडवायच्या समुपदेशनाला मी बसते आणि त्याच त्या चुका ऐकते. सगळ्यात डोकं उठवणारी म्हणजे तंबाखूची तलफ भागवायला दिलेला निकोटिनचा गम बबलगमसारखा कचाकचा चावणं.

एक ट्रकवाले काका तणतणत आले. "मॅडम, तुमच्या गोळीनं उचक्या लागल्या, मळमळलं. शेवटी चुना लावून मळली, तेव्हा बरं वाटलं." चौकशी केली तर गम भराभर चावून वर कटिंग चालू! चहा-कॉफी तोंडात असली की निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, म्हणून उचक्या. मी विचारलं, "काका, तंबाखू चावून गिळता का?"

"छे! गालात धरतो."

मग गमही तसाच. सावकाश चावा, झणझण आली की गालात धरा, ओसरली की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास पुरतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा बंद. काका म्हणाले, "हे आधी सांगायचं ना!" पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं, पण तो उलगडतो कोण?

दुसरी चूक: "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी." आगीतून फुफाट्यात! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलंय. आधी तिखट झोंबतं, मग गाल आतून ताठरतात, तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. जात नसतील तर दंतवैद्य गाठा. चाळाच हवा तर भाजलेली बडीशेप चघळा.

मशेरी लावणाऱ्या ताई म्हणतात, "आम्ही कुठं खातो?" मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

"खाल्ल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही." निकोटिन बंद झालं की कोठा काही दिवस जड राहतो. भरपूर पाणी, पालेभाजी, चालणं. तेवढ्यासाठी पुडी फोडू नका.

"शेवटची एक" म्हणून डिकीत पुडी ठेवू नका.

दोन दिवसांत "जमत नाही" म्हणणाऱ्यांना काय सांगावं? पहिला आठवडाच सगळ्यात वाईट असतो. चिडचिड होते, झोप उडते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ते कमी होत जातं.

आणि घरच्यांनो, पोरांची शपथ घालू नका. मोडली की माणूस चोरून खातो, आमच्याकडे यायलाही लाजतो. त्यापेक्षा १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, मोफत नंबर लावून फोन त्याच्या हातात द्या, आणि तो बोलत असताना शेजारी बसून कान देऊ नका.